९९१ सामने : मॅनी मल्होत्राच्या कारकिर्दीविषयी एक वाद

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावे आणि मगच त्याला उत्तर द्यावे, अशी आपल्याकडील शास्त्रचर्चेची जुनी रीत आहे. त्यातील पहिल्या मांडणीला पूर्वपक्ष आणि नंतरच्या मांडणीला उत्तरपक्ष म्हणतात. निवृत्त खेळाडूंवरील लेखनात ही रीत क्वचितच पाळली जाते, कारण गौरवलेखात पूर्वपक्षाला जागा नसते आणि टीकालेख उत्तरपक्षासाठी थांबत नाही. कॅनडाचा आइस हॉकीपटू मॅनी मल्होत्रा याच्या कारकिर्दीबाबत मात्र दोन्ही पक्षांकडे भक्कम पुरावा आहे, आणि तो बऱ्याच ठिकाणी एकच आहे. म्हणून पुढील चर्चा संवादाच्या रूपाने मांडली आहे. पूर्वपक्षी खेळाडूचे मोल त्याच्या नावावरील आकड्यांवरून ठरवतो, तर उत्तरपक्षी त्याच्यावर सोपवलेल्या कामावरून.

मल्होत्राचा जन्म १९८० साली ऑन्टारियो प्रांतातील मिसिसागा येथे झाला. वडील पंजाबी, व्यवसायाने संशोधक रसायनशास्त्रज्ञ, तर आई फ्रेंचभाषक कॅनेडियन. नॅशनल हॉकी लीग म्हणजे उत्तर अमेरिकेतील या खेळाची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा. तीत १९९८ ते २०१५ या काळात तो न्यू यॉर्क रेंजर्स, डॅलस स्टार्स, कोलंबस ब्लू जॅकेट्स, सॅन होजे शार्क्स, व्हँकुव्हर कनक्स, कॅरोलायना हरिकेन्स आणि माँट्रियल कॅनेडियन्स या सात संघांकडून ९९१ साखळी सामने खेळला. त्याच्या नावावर ११६ गोल आणि १७९ गोलसाहाय्ये आहेत. प्रत्येक गोलाला आणि प्रत्येक साहाय्याला एकेक गुण धरण्याची तेथील पद्धत असल्याने त्याची बेरीज २९५ गुण होते. भारतीय वंशाचा तो या लीगमधील पहिला खेळाडू नव्हे, कारण ब्रिटिश कोलंबियातील डंकनचा रॉबिन बावा १९८९ च्या हंगामातच तेथे उतरला होता. वंशाचा मुद्दा येथेच संपतो, कारण पुढील वादात तो कोणत्याच पक्षाच्या कामाचा नाही.

खेळाची रचना थोडक्यात सांगणे मात्र आवश्यक आहे. सुमारे २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद अशा बर्फाच्या मैदानावर प्रत्येक संघाचे सहा जण एका वेळी खेळतात : एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीपटू. आघाडीच्या तिघांतील मधल्या खेळाडूला सेंटर आणि कडेच्या दोघांना विंग म्हणतात. स्केटवरून पूर्ण वेगाने पळण्याचा ताण इतका असतो की ही तिकडी पाऊण-एक मिनिट खेळून बाकावर परतते आणि दुसरी तिकडी उतरते. अशा चार फळ्या प्रत्येक संघाकडे असतात. पहिल्या दोन फळ्यांकडून गोलांची अपेक्षा असते, तर उरलेल्या दोन फळ्यांनी प्रतिस्पर्ध्याचे गोल होऊ द्यायचे नसतात. मल्होत्रा सेंटर होता आणि त्याची बहुतेक कारकीर्द तिसऱ्या-चौथ्या फळीत गेली. वादाला सुरुवात होते ती इथूनच.

पूर्वपक्षी : कोणत्याही कारकिर्दीचे मोजमाप तिच्या आरंभी बांधल्या गेलेल्या अपेक्षेपासून सुरू व्हायला हवे. ड्राफ्ट म्हणजे अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांची, लीगमधील संघांनी पाळीपाळीने केलेली निवड. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये रेंजर्सनी मल्होत्राला सातव्या क्रमांकावर उचलले, म्हणजे त्या वर्षी उपलब्ध असलेल्या जगभरातील मुलांत त्याच्याहून सरस फक्त सहाच, असे मत नोंदवले. त्याच ड्राफ्टमध्ये स्कॉट गोमेझ २७ वा होता आणि पहिल्याच हंगामात ७० गुण मिळवून तो सर्वोत्तम नवोदित ठरला. ६४ वा ब्रॅड रिचर्ड्स २००४ च्या बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू झाला. या पार्श्वभूमीवर साडेआठ सामन्यांमागे एक गोल हे सातव्या क्रमांकाचे फलित मानायचे, तर निराशा हा शब्दही सौम्य आहे.

उत्तरपक्षी : सातवा क्रमांक हा रेंजर्सचा अंदाज होता, मल्होत्राने तसे वचन कोणाला दिले नव्हते. अंदाज फसला तर दोष अंदाज बांधणाऱ्याकडे जातो. शिवाय तो बांधणाऱ्यांनी पुढे काय केले हेही पाहावे. ग्वेल्फ स्टॉर्म या कुमार संघाला १९९८ मध्ये ऑन्टारियोचे विजेतेपद मिळवून देणाऱ्या चमूतला हा मुलगा त्याच वर्षी थेट व्यावसायिक संघात बसवला गेला. वेन ग्रेट्स्कीचा शेवटचा हंगाम ज्या संघात चालू होता त्या संघात आघाडीच्या जागा नवख्यासाठी मोकळ्या नव्हत्या, म्हणून थोडा थोडा वेळ मिळत ७३ सामन्यांत त्याचे १६ गुण झाले. पुढच्या हंगामात २७ सामन्यांत त्याला ना एक गोल मिळाला, ना एक साहाय्य; आणि मग परत कुमार संघ, मग हार्टफर्डचा दुय्यम संघ, अशी त्याची पाठवणी झाली. गोल करण्याची सवय ज्या वयात पक्की होते ते वय बाकावर गेले. आणि त्याच ड्राफ्टमधला सहावा, रिको फाटा, त्याला तर या लीगमध्ये अडीचशे सामनेही लाभले नाहीत.

पूर्वपक्षी : फाटाहून सरस ठरणे हा काही सन्मान नव्हे. आणि वय वाया गेल्याचा युक्तिवाद डॅलसपुढे टिकत नाही. २००२ च्या मार्चमध्ये रेंजर्सनी त्याला तिकडे दिले, आणि २००३ च्या नोव्हेंबरमध्ये डॅलसने त्याला वेव्हरवर टाकले. वेव्हर म्हणजे नको असलेला खेळाडू इतर संघांपुढे ठेवणे. ज्याला हवा त्याने बदल्यात कोणताही खेळाडू न देता उचलावा. कोलंबसने त्याला उचलले. पाच वर्षांत सातव्या क्रमांकाची किंमत शून्यावर आली, आणि ती लीगच्या बाजारानेच आणली.

उत्तरपक्षी : त्याच बाजाराने पुढे काय केले, तेही पाहायला हवे. २००९ मध्ये सॅन होजेने त्याला एका वर्षासाठी ७ लाख डॉलर दिले. त्या हंगामात त्याने कारकिर्दीतील सर्वाधिक १४ गोल केले, आणि १ जुलै २०१० रोजी व्हँकुव्हरने त्याच्याशी तीन वर्षांचा ७५ लाख डॉलरचा करार केला. त्या वर्षी प्रत्येक संघाला वेतनावर ५ कोटी ९४ लाख डॉलरची कमाल मर्यादा होती. त्या मर्यादेत बसवताना तिसऱ्या फळीच्या सेंटरवर वर्षाला २५ लाख खर्च करणारा संघ भूतदयेने खर्च करत नव्हता. व्हँकुव्हरने नेमके काय विकत घेतले, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर फेसऑफ या क्रियेत आहे, आणि ती नीट पाहिल्याशिवाय हा वाद कळत नाही. खेळ थांबला की तो पुन्हा सुरू करण्यासाठी दोन्ही संघांचे सेंटर मैदानावरील ठरावीक ठिपक्यावर समोरासमोर येतात आणि लाइन्समन त्यांच्यामध्ये पक, म्हणजे कडक रबराची तीन इंच व्यासाची चकती, टाकतो. मैदानी हॉकीतील बुलीशी तिचे साम्य आहे. पण मैदानी हॉकीत बुली क्वचितच होते, तर इथे एका सामन्यात पन्नास-साठ फेसऑफ होतात. सेंटर कंबरेत वाकतो, खालचा हात स्टिकच्या पात्याजवळ नेतो, वजन पायांच्या पुढच्या भागावर घेतो आणि लाइन्समनच्या मुठीवर नजर रोखतो, कारण पक बर्फावर पडेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो. मल्होत्राच्या काळातील नियमाप्रमाणे पाहुण्या संघाच्या सेंटरने स्टिक आधी टेकवायची आणि यजमानाने नंतर, म्हणजे यजमानाला समोरच्याची पकड वाचायला क्षणभर मिळे. मग मनगटाच्या एका झटक्याने, किंवा प्रतिस्पर्ध्याची स्टिक खांद्याच्या जोराने उचलून, पक मागे आपल्या बचावपटूकडे ओढायचा. सगळा प्रकार सेकंदभरात आटोपतो, आणि धावफलकावर त्याची कोणतीही खूण राहत नाही.

दोन नियमांनी या सेकंदाचे महत्त्व वाढवले. स्वतःच्या अर्ध्या भागातून पक सरळ प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे भिरकावण्याला आइसिंग म्हणतात. असे करणाऱ्या संघाच्याच गोलाजवळ फेसऑफ होतो, आणि २००५ पासून त्याला खेळाडूही बदलता येत नाहीत. तर २००८-०९ पासून एखाद्या खेळाडूला नियमभंगासाठी बाहेर बसवले की पहिला फेसऑफ दोषी संघाच्याच गोलाजवळ होऊ लागला. म्हणजे संघ दमलेला असताना किंवा एका माणसाने कमी असताना, गोलापासून अवघ्या काही फुटांवर, तो एक फेसऑफ जिंकून देणारा माणूस लागतो. २०१०-११ मध्ये मल्होत्राने आपले ६१.७ टक्के फेसऑफ जिंकले. लीगमधील आघाडीच्या दोन-चार नावांत त्याची गणना होती.

पूर्वपक्षी : हा आकडा दिमाखदार आहे खरा, पण त्याचा हिशेब करून पाहावा. हंगामात हजार फेसऑफ घेणारा सेंटर ६० टक्के जिंकत असेल तर ५० टक्क्यांच्या सामान्य सेंटरपेक्षा त्याने शंभर जास्त जिंकले. हंगाम ८२ सामन्यांचा. म्हणजे एका सामन्यामागे जेमतेम सव्वा फेसऑफ. त्या सव्वा फेसऑफमधून मिळालेला पक बहुधा पाच-दहा सेकंदांत पुन्हा गमावला जातो. इतक्या सूक्ष्म फायद्यासाठी २५ लाख डॉलर मोजणे हा व्यवस्थापनाचा भाबडेपणा होता, असे म्हटले तर आपण त्याला काय उत्तर द्याल?

(येथे पूर्वपक्षाचे पारडे जड आहे. फेसऑफची भक्ती करणाऱ्या समालोचकांनी हा साधा भागाकार क्वचितच केला आहे.)

उत्तरपक्षी : भागाकार बिनचूक आहे. पण त्यात सगळे फेसऑफ सारखे धरले आहेत, आणि मल्होत्राला मिळणारे फेसऑफ सारखे नव्हते. प्रशिक्षक अलेन विन्यो याने त्या संघात कामाची वाटणी जवळजवळ टोकाला नेली होती. खेळ प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळ सुरू व्हायचा असेल तर हेन्रिक आणि डॅनियल या जुळ्या सेडीन बंधूंची फळी उतरे. आपल्या गोलाजवळ सुरू व्हायचा असेल तर मल्होत्राची. जो सेंटर प्रत्येक वेळी समोरच्या गोलापासून दीडशेहून अधिक फूट दूर उभा राहून काम सुरू करतो आणि पक मध्यरेषेपलीकडे पोहोचवला की बाकावर परततो, त्याचे गोल मोजणे म्हणजे मोजपट्टी चुकीच्या जागी लावणे होय. त्याच्या कामाची नोंद दुसऱ्यांच्या खात्यावर झाली. त्या हंगामात डॅनियल सेडीन १०४ गुणांसह लीगमध्ये पहिला आला. दुसऱ्या फळीचा रायन केस्लर आदल्या वर्षी २५ गोलांवर होता, तो बचावाचा मोठा भार उतरताच ४१ वर गेला. संघाने लीगमध्ये सर्वाधिक गोल केले आणि सर्वांत कमी गोल स्वीकारले.

पूर्वपक्षी : केस्लरचे गोल २५ वरून ४१ झाले, हे आपण सांगितले, त्याचे एकूण गुण ७५ वरून ७३ वर आले, हे सांगायचे राहिले. त्याने साहाय्ये कमी करून गोल जास्त केले, एवढाच त्याचा अर्थ. त्यात मल्होत्राची कामगिरी कोठे दिसते? आणि सेडीनचे म्हणाल तर हेन्रिक आदल्याच वर्षी ११२ गुणांनी पहिला आला होता, तेव्हा मल्होत्रा सॅन होजेत होता.

उत्तरपक्षी : केस्लरबाबतची दुरुस्ती मान्य आहे. सेडीन बंधू मल्होत्राविनाही थोर होते, हेही मान्य. दावा मर्यादित आहे : अवघड कामे एका माणसाच्या अंगावर गोळा केल्याने इतरांना सोपी जागा मिळते, आणि ती सोपी जागा मिळाल्याचे श्रेय आकड्यांत कोठेही लिहिले जात नाही.

पूर्वपक्षी : मर्यादित दावा तपासायला २०११ ची बाद फेरी पुरेशी आहे. १६ मार्चला मल्होत्रा जायबंदी झाला. त्याच्या जागी मॅक्सिम लापिएरने तिसऱ्या फळीचे मधले स्थान सांभाळले, आणि संघ शिकागो, नॅशव्हिल व सॅन होजे यांना हरवून लीगचे विजेतेपद ठरवणाऱ्या स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत पोहोचला. ज्याच्या अनुपस्थितीत तीन फेऱ्या जिंकल्या जातात त्याला अपरिहार्य कसे म्हणावे? अंतिम फेरीत बॉस्टनविरुद्ध सात सामन्यांत संघाचे अवघे आठ गोल झाले. दुखणे गोल न होण्याचे होते. त्यावर फेसऑफचे औषध लागू पडले नसते.

उत्तरपक्षी : अपरिहार्य हा शब्द पूर्वपक्षाचा आहे, उत्तरपक्षाने तो वापरलेला नाही. पण तीन फेऱ्यांत मल्होत्राचे बरेचसे काम केस्लरवर पडले, त्याने ते आपल्या कामासह पेलले, आणि अंतिम फेरीत तो दुखऱ्या शरीरानिशी खेळत होता, हे त्या मालिकेतील कोरड्या आकड्यांशी जोडून पाहायला हरकत नसावी. सिद्ध करता येईल असे मात्र ते नाही.

उत्तरपक्षाने येथे हात आखडता घेतला, हे योग्यच झाले. कारण आठ गोलांचा दोष एका अनुपस्थित सेंटरला चिकटवणे हा गौरवलेखांचा खाक्या आहे. त्याचप्रमाणे मल्होत्राचे पुढील प्रशिक्षकपद, म्हणजे व्हँकुव्हर आणि टोरोंटो येथे साहाय्यक आणि २०२४ पासून अॅबट्सफर्ड कनक्सचा मुख्य प्रशिक्षक, हा खेळाडू म्हणून त्याच्या मूल्याचा पुरावा मानावा काय, या प्रश्नावरही फार वेळ घालवण्याचे कारण नाही. अॅबट्सफर्डने २०२५ मध्ये शार्लट चेकर्सला हरवून दुय्यम लीगचा काल्डर कप जिंकला, हे प्रशिक्षक मल्होत्राचे यश आहे. खेळाडू मल्होत्राला त्यातून एक गुणही मिळत नाही. खरा गुंता डोळ्याच्या प्रकरणात आहे, आणि तेथे दोन्ही पक्षांची भाषा बदलते.

त्या १६ मार्चच्या रात्री कोलोरॅडो अॅव्हलांचविरुद्धच्या सामन्यात उडालेला पक मल्होत्राच्या डाव्या डोळ्यावर आदळला. सामन्याआधी गोठवून कडक केलेला, सुमारे १७० ग्रॅम वजनाचा तो पक. आणि हेल्मेटला जोडायची पारदर्शक पट्टी, जिला व्हायझर म्हणतात, ती त्या दिवशी त्याच्या हेल्मेटला नव्हती. शस्त्रक्रिया झाल्या, हंगाम संपल्याचे संघाने जाहीर केले, आणि तरीही ४ जून रोजी, अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात, पूर्ण चेहरा झाकणारे कवच घालून तो बर्फावर उतरला. पुढचा हंगाम तो ७८ सामने खेळला. डाव्या डोळ्याची दृष्टी मात्र पहिल्यासारखी झाली नाही. कामबंदीमुळे ४८ सामन्यांवर आलेल्या २०१२-१३ च्या हंगामात नऊ सामने झाल्यावर, फेब्रुवारीत, महाव्यवस्थापक माइक गिलिस याने त्याला उरलेल्या हंगामासाठी जायबंदी खेळाडूंच्या यादीत टाकले. डाव्या बाजूने येणारा माणूस त्याला वेळेत दिसत नाही, आणि न दिसलेल्या धडकेतून अधिक गंभीर इजा होऊ शकते, अशी संघाची भूमिका होती. मल्होत्राला खेळायचे होते.

पूर्वपक्षी : या बाबतीत संघाचा निर्णय निर्विवाद योग्य होता. गोलांच्या हिशेबात कठोर असणाऱ्यालाही माणसाच्या डोळ्याचा हिशेब कळतो. ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेगाने येणारा ९० किलोचा खेळाडू ज्या बाजूने दिसत नाही, ती बाजू घेऊन कोणालाही रिंगणात सोडणे हा मालकाचा निष्काळजीपणा ठरला असता. वेतन थांबवले नाही, संघातून काढले नाही. यापेक्षा सभ्य मार्ग कोणता होता?

उत्तरपक्षी : धोका ओळखणे एक, आणि तो पत्करायचा की नाही हे ठरवणे दुसरे. एका डोळ्याने खेळणाऱ्यांची उदाहरणे आपल्या वाचकांना परकी नाहीत. मन्सूर अली खान पतौडी १९६१ च्या मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावून बसला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कसोटी खेळला. टोपीची कडा त्या डोळ्यावर ओढून फलंदाजी करत त्याने सहा कसोटी शतके काढली. त्याला कोणी सांगितले नाही की तुझ्या भल्यासाठी तू थांब.

पूर्वपक्षी : पतौडीचे उदाहरण हृद्य आहे, पण ते येथे लागू पडत नाही. फलंदाजाकडे चेंडू एकाच ठाऊक दिशेने येतो. उभे राहण्याची पद्धत बदलून त्याला उरलेला डोळा त्या दिशेला लावता येतो. बर्फावरच्या सेंटरला अशी दिशा नसते. त्याच्यावर माणसे चारी बाजूंनी येतात, आणि धडक देणे हा त्या खेळाच्या नियमांत बसणारा भाग आहे.

उत्तरपक्षी : तर मग बर्फावरचेच उदाहरण घेऊ. बचावपटू ब्रायन बेरार्डची उजव्या डोळ्याची दृष्टी मार्च २००० मध्ये स्टिक लागून जवळजवळ गेली. लीगच्या नियमाने इजा झालेल्या डोळ्यातही किमान दृष्टी असावी लागते. लेन्सच्या साहाय्याने ती कसोटी पार करून तो २००१ मध्ये रेंजर्सकडून परतला आणि पुढे अनेक हंगाम खेळला. रेंजर्समध्ये, आणि नंतर कोलंबसमध्ये, मल्होत्रा त्याच्याच शेजारी बसून बूट बांधत होता. म्हणजे लीगने उंबरठा आखला होता, आणि मल्होत्रा तो ओलांडून आत आला होता. मग एका संघाच्या महाव्यवस्थापकाने वेगळा उंबरठा आखायचा तो कोणत्या अधिकाराने?

पूर्वपक्षी : लीगचा उंबरठा खेळण्याची मुभा देतो, कोणत्याही संघाने खेळवलेच पाहिजे असा हक्क तो देत नाही. संघात कोणाला घ्यावे हे संघच ठरवतो.

उत्तरपक्षी : इथेच नेमका भेद आहे. न निवडण्याचा हक्क संघाला आहेच. आज बाकावर बस, उद्या करार संपव, वेव्हरवर टाक. यांपैकी प्रत्येक मार्गात दुसऱ्या संघाचा दरवाजा उघडा राहतो. पण जायबंदी म्हणून घोषित करून करारात अडकवून ठेवल्यावर तो कोठेही खेळू शकत नाही. संघाने आपला हक्क वापरता वापरता खेळाडूचाही वापरला.

हा युक्तिवाद या संवादातील सर्वांत धारदार आहे, आणि पूर्वपक्षाकडे त्याला सरळ उत्तर नाही. या प्रसंगाला आणखी एक पदर आहे, जो वादात कोणीच आणला नाही : स्वतः गिलिस हा या लीगमधला माजी आघाडीपटू. १९८४ मध्ये पाय मोडून त्याची कारकीर्द संपली होती, आणि त्या इजेच्या विम्याच्या पैशांवरून त्याने आपलाच प्रतिनिधी अॅलन ईगलसन याच्याविरुद्ध पुढे न्यायालयात दावा जिंकला होता. जायबंदी खेळाडूच्या वतीने दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयांची किंमत किती असते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही त्याने तो निर्णय घेतला. त्यातून त्याची कळकळ दिसते की विसर, हे ठरवणे कठीण आहे. उपलब्ध वर्तनावरून कळकळ अधिक संभवते.

पूर्वपक्षी : करारात अडकवल्याची टीका अंशतः ग्राह्य धरली तरी पुढचा प्रश्न उरतो. खेळाडूची इच्छा हीच अंतिम मानायची, तर व्हायझर सक्तीचाही विरोध करावा लागेल. लीग आणि खेळाडू संघटना यांनी मिळून २०१३-१४ पासून व्हायझर सक्तीचा केला. आधी २६ हून कमी सामने खेळलेल्या प्रत्येकाला तो लावावाच लागतो. तिथे नव्या खेळाडूची इच्छा कोण विचारतो?

उत्तरपक्षी : विरोध करावा लागत नाही. व्हायझरचा नियम सर्वांना सारखा आहे, आधी जाहीर केलेला आहे, आणि खेळाडूंच्या संघटनेच्या संमतीने केलेला आहे. त्यात कोणा एकाची पारख होत नाही. शिवाय जुन्या खेळाडूंना त्यातून वगळले, म्हणजे चालू कारकिर्दींवर नवी अट लादायची नाही हे तत्त्व त्या नियमानेच मानले. मल्होत्राबाबत नेमके उलटे झाले : एकाच माणसासाठी, हंगामाच्या मध्यावर, त्याच्या संमतीविना.

पूर्वपक्षी : आणि त्यानंतरच्या घटना आपल्या बाजूने उभ्या राहतात, असे आपण म्हणणार. ऑक्टोबर २०१३ मध्ये तो कॅरोलायनाच्या दुय्यम संघाकडे, शार्लट चेकर्सकडे, चाचणीच्या करारावर गेला. आठ सामन्यांनंतर कॅरोलायनाने त्याला मुख्य संघात घेतले. ६९ सामन्यांत सात गोल झाले. चिकाटीसाठी दिल्या जाणाऱ्या मास्टर्टन पुरस्काराच्या अंतिम तिघांत, डॉमिनिक मूर आणि यारोमिर यागर यांच्यासह, त्याचे नाव आले. पुढे माँट्रियलकडून ५८ सामने. म्हणजे बंदीनंतर १२७ सामने, डोळा शाबूत. पण जुगारात जिंकलेल्याने पैज शहाणपणाची होती असे सिद्ध होत नाही.

उत्तरपक्षी : सिद्ध होत नाही, हे मान्य. कॅरोलायनाने मात्र पद्धत बरी वापरली : आधी दुय्यम संघात पाहिले, मग बोलावले, आणि धोका कोणाचा हे दोघांनी मिळून ठरवले.

पूर्वपक्षी : आठ सामन्यांच्या चाचणीत कौशल्य कळते, धोका कळत नाही. न दिसणारी बाजू आठ सामने सुरक्षित राहिली म्हणून नवव्यात राहील असे नाही.

उत्तरपक्षी : ते दोन डोळ्यांच्या खेळाडूलाही तितकेच लागू आहे, १६ मार्च २०११ पर्यंत मल्होत्राला दोन्ही डोळ्यांनी दिसत होते.

या टप्प्यावर उत्तरपक्ष अनपेक्षितपणे आकड्यांकडे वळतो. हजार सामने पूर्ण करणाऱ्या खेळाडूला त्याचा संघ चांदीची स्टिक देतो, अशी या लीगची परंपरा आहे. मल्होत्राला ती मिळाली नाही, कारण त्याचे सामने ९९१ वर थांबले.

उत्तरपक्षी : गिलिसने थांबवले तेव्हा त्या हंगामाचे तीसहून अधिक सामने उरले होते. हजाराला कमी पडले ते नऊ. एवढा हिशेब तरी पूर्वपक्षाने मांडायला हवा होता.

पूर्वपक्षी : तो मांडला नाही, कारण त्याला किंमत नाही. ९९१ आणि १००० यांत खेळाच्या दृष्टीने काहीच फरक नसतो. हजार हा केवळ गोल आकडा आहे. त्याच ड्राफ्टमध्ये १७१ वा असलेला पावेल दात्सुक ९५३ वर थांबला. तेवढ्यात त्याने ९१८ गुण मिळवले आणि बचाव करणाऱ्या आघाडीपटूसाठी असलेला सेल्की पुरस्कार ओळीने तीन वर्षे घेतला. त्यालाही चांदीची स्टिक नाही, आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाही.

उत्तरपक्षी : दात्सुक स्वतःच्या निर्णयाने रशियाला परत गेला.